बिननंबरी काचपेपर

काचपेपर घेताना मागचा नंबर वाचणाऱ्याला माझा थोरला भाऊ कारकून म्हणायचा. सुतारानं बोटानं निवडावा! अख्ख्या कागदाचे आम्ही चार तुकडे करतो, नंबर राहतो एखाद्याच तुकड्यावर. बाकीचे दादा नुसता अंगठा फिरवून ओळखायचा. हा ऐंशीचा, जाडा, रंधा मारल्यानंतरचा. हा दोनशेवीसचा, बारीक, पॉलिशच्या आधीचा. पावसाळ्यात कागद ओल धरतात, वळतात, म्हणून तो ते पत्र्याच्या पेटीत फळीखाली दाबून ठेवायचा. भुशानं भरलेला तुकडा जुन्या स्लिपरच्या रबरावर घासून साफ करायचा. हे सगळं त्यानंच मला शिकवलं, वर टपल्याही मारल्या.

दादाला शुगर होऊन दहा वर्षं झाली. पायाला मुंग्या येतात म्हणायचा. हातांबद्दल मात्र चकार शब्द नाही.

दिंडोरीच्या एका द्राक्षबागायतदाराच्या बंगल्याचे सागवानी दरवाजे आमच्याकडे होते. एकाला पॉलिशचा पहिला हात बसला आणि ओरखडे वर आले, आडवेतिडवे, नजरेत भरतील असे. तो दरवाजा दादानं घासला होता. माझं डोकंच फिरलं. गिऱ्हाइकासमोर ओरडलो, "अरे, शेवटी ऐंशीचा मारलास की काय?"

"तूच पेटीत तुकड्यांची सरमिसळ केली असशील," तो म्हणाला.

गिऱ्हाईक गेल्यावर मी दोन तुकडे त्याच्या हातात दिले. "बघू नकोस. बारीक कुठला, ते सांग." आज लिहितानाही लाज वाटते. कितीतरी वेळ तो अंगठा फिरवत राहिला. कपाळावर घाम आला. मग दोन्ही तुकडे त्यानं बाकावर आपटले.

"माझी परीक्षा घेतोस काय रे? तुझा शेंबूड पुसलाय मी!"

मला कळायचं ते कळलं. शुगरनं दादाच्या बोटांची जाण गेली होती. या कामाशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि घरी बस हे मी कुठल्या तोंडानं सांगणार? घाबरलो मी, खरंच घाबरलो. म्हणून दुसऱ्या दिवशी "तो दरवाजा मीच नीट करणार" असं तो म्हणाला तेव्हा गप्प बसलो. फक्त प्रत्येक तुकड्यामागे पेन्सिलीनं नंबर टाकून दिला. त्यानं ते पाहिलं आणि तुकडे उचलले.

दुपारी डबा घेऊन आलो. दरवाजा सुरेख घासून झाला होता, एक ओरखडा नाही.

"आता बोल की!" दादा हसला. कित्येक दिवसांनी हसला.

मधल्या फळीवर लाल पट्टे उमटले होते. मी त्याच्या हाताकडे पाहिलं. तीन बोटांची कातडी सोलवटून निघाली होती.

माझी नजर खाली गेलेली बघून त्यानंही खाली पाहिलं, पण फळीकडे. "हे लाल कसलं रे? पॉलिश सांडलंस का तू?"

"हो," म्हणालो कसाबसा.

"धांदरट लेकाचा," दादा म्हणाला आणि त्याच हातानं ते पुसायला लागला.