आईच्या बंदुकीला काजूचं तेल

आमच्या बागेत आंब्यांपेक्षा वांदर जास्त, म्हणून घरात एक बंदूक आहे. एकनळी, आजोबांनी घेतलेली. विलायती नमुन्यावर आपल्याच देशातल्या कारखान्यात परवान्याने बनलेली. बाबा गेल्यावर शेतीसंरक्षणाचा परवाना आईच्या नावावर झाला. सत्तरीची बाई, पायात स्लिपर, खांद्याला बंदूक! अख्खी वाडी हसली. आई मात्र हवेत एक बार काढायची आणि वांदर पसार व्हायचे.

यंदा नूतनीकरण आलं. मुंबईच्या माझ्या भावाने लगेच आईला अट घातली, "परवाना वाढवून मिळाला तर राहा तिथे. नाही मिळाला तर बंदूक जमा कर नि कायमची माझ्याकडे ये." नुसतं बोलून थांबतोय कसला, रेल्वेचं तिकीटसुद्धा काढून मोकळा! माझं डोकंच फिरलं. आई म्हणाली, "काढू दे गो. परवाना मिळणारच हाय."

आणि तपासणीला बंदूक झकास दिसावी म्हणून या बाईने काय करावं? होडीला, दाराच्या चौकटीला लावतात ते काजूच्या टरफलांचं तेल तिने बंदुकीला चोपडलं. खारा वारा लाकडाला खातो तसा लोखंडालाही खातो, मग औषध एकच, हा तिचा हिशेब. दस्त्यापासून नळीपर्यंत चांगले दोन हात दिले.

रत्नागिरीत तपासणीच्या हवालदारांनी ती काळीकुळकुळीत बंदूक उलटीपालटी केली. "आजी, नंबर कुठाय? नळीवरचा चाचणीचा ठसा कुठाय?"

तेलाखाली सगळं गडप.

"ठसा दिसल्याशिवाय सही नाही करता येणार. बंदूक जमा करावी लागेल."

करायला गेलो गणपती नि झाला मारुती! माझ्या डोळ्यांसमोर ते तिकीट नाचायला लागलं. आता आई रडणार, असं वाटून मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला आणि विचारलं, "साहेब, रॉकेल हाय काय तुमच्याकडे?"

हवालदारांनी हसत बाटली दिली. बंदूक बाबांच्या जुन्या पंच्यात गुंडाळून आणली होती. आईने तो पंचा रॉकेलमध्ये बुडवला आणि व्हरांड्यात फतकल मारून घासायला बसली. मीही हात लावला. "तुझ्यात जोर नाय गो. मुंबईला तूच जा!" एवढ्यातही हिची थट्टा चालूच. बऱ्याच वेळाने नंबर दिसला, मग त्याच्याशेजारी तांदळाएवढा ठसा.

"हा ठसा मारतात कशाला ओ?" तिने विचारलं.

"विकण्याआधी नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढतात, आजी. नळी फुटली नाही, तरच ठसा."

"मग माझ्यावर पण मारा एक. सासूबाईंनी काय कमी दारू ठासलीन?"

हवालदार इतके हसले की सही वाकडी आली. पण आली.

परतताना रिक्षातूनच तिने माझ्या भावाला फोन लावला. "तिकीट रद्द कर. मे महिन्यात पोरांना घेऊन ये, आंबे राखून ठेवते." फोन ठेवला आणि तो काळा झालेला, रॉकेलने घमघमणारा पंचा नीट घडी करून मांडीवर घेतला.

"टाक गो तो आता," मी म्हटलं.

"गप बस. तुझ्या बाबांना जाऊन तीन वर्षं झाली, तरी आज माझ्या बाजूने उभे राहिले."