पांढऱ्यावर हिरव्याचे दोन हात

किस्से जमवायला कुणी बसत नाही. ओल्या रंगावर चिलटं चिकटतात तसे ते आपोआप येऊन चिकटतात, आणि रंग वाळला की निघतही नाहीत. आमच्या फिरत्या वाचनालयाच्या जुन्या व्हॅनचं तसंच झालंय. कॉलेजातल्या मित्रमैत्रिणींनी वर्गणी काढून ती घेतली तेव्हा एक अट घातली: उन्हाळ्याच्या सुट्टीत पाड्यांवरची पोरं पुस्तकं घ्यायला आली तर ठीक, नाहीतर शाळा उघडायच्या आत गाडी विकून टाकायची. अट घालणारे सगळे ठाण्या-पुण्यात. इथे जव्हारला मी आणि आमचा ड्रायव्हर भिवा.

*

गाडी गंजलेली होती. गॅरेजवाल्याने रंगाचा जो आकडा सांगितला, त्यात अशीच दुसरी गंजलेली व्हॅन आली असती. मी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला आणि भिवाला म्हणाले, "आपण घरीच रंगवू. रोलरने."

साखरशेतला भिवाच्या अंगणात काम सुरू झालं. जव्हारमध्ये दुकानांची शटरं रंगवणारे रफिकचाचा मुद्दाम बघायला आले.

"बेटा, रोलर भिंतीला असतो."

"चाचा, रंग तोच. फक्त भिंतीऐवजी पत्रा."

चाचांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. "बरोबर आहे तुझं. खिडक्या आहेत, दारं आहेत. वरून कौलं तेवढी घाल."

*

जाता जाता चाचांनी तीन गोष्टी बजावल्या. रंग पातळ कर. रंगाआधी पत्रा पॉलिश पेपरने घास. आणि एक हात दिलास की पुढचा दुसऱ्या दिवशी.

आता, ज्या तालुक्यात पोरांच्या हातात पुस्तक नाही, तिथे रंग वाळायची वाट बघत बसणं मला गुन्हा वाटत होता. मी दोन तासांत दुसरा हात मारला. तासाभरात सगळ्या बॉनेटवर बारीक सुरकुत्या उठल्या.

चाचांनी बॉनेटवरून बोटं फिरवली, मग स्वतःच्या गालावरून. "याला मी साठ वर्षं घालवली," ते म्हणाले. "तू दुपारभरात केलंस."

बॉनेट खरवडून पुन्हा रंगवावं लागलं.

*

रंग पांढरा निवडला होता. स्वच्छ, कुठल्याही पक्षाचा नाही, म्हणून मी त्यावर खूश होते. पहिली फेरी पोशेऱ्याजवळच्या एका पाड्यावर. गाडी वळणावर दिसली आणि अंगणात खेळणारी पोरं एका क्षणात गायब. दोघं तर झाडावर चढून बसली.

मी हाका मारल्या. पुस्तकं उंच धरून दाखवली. कुणी येईना. शेवटी एक म्हातारी काठी टेकत आली. लखमीआजी. तिने गाडीकडे पाहिलं, पोलक्याची बाही वर केली आणि दंड पुढे केला.

"टोच."

तेव्हा कळलं. पाड्यावर पांढरी गाडी म्हणजे सुई.

"आजी, आम्ही दवाखान्याचे नाही. पुस्तकं आणलीत."

"जाम लांबून आले मी, बाय. गुडघा दुखतो माझा. रिकामी नाय जानार."

मी एक बारीकसं, मोठ्या अक्षरांचं गोष्टीचं पुस्तक तिला दिलं आणि नातीकडून वाचून घ्यायला सांगितलं. आजीने ते उलटंसुलटं केलं. "कदी घ्यायचं?"

मी तोंड उघडायच्या आत भिवा म्हणाला, "जेवल्यावर. सकाळी एक पान, संध्याकाळी एक पान."

परतीच्या वाटेवर मी भिवाला लोकांच्या अज्ञानाची चेष्टा करू नये यावर मोखाड्यापर्यंत ऐकवलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, आज एक तरी पुस्तक गेलं ना?"

*

गाडी पुन्हा रंगवायची ठरली. शाळा उघडायला तीन आठवडे उरले होते. मी म्हटलं, पिवळी करू.

"पिवळी शाळेच्या बसची. सुट्टीत पिवळी बघून कोण येईल?" भिवाने विचारलं.

"मग मातीचा रंग. खाकीसारखा."

"खाकी जंगलखात्याची. पोरंच काय, त्यांचे बापही झाडावर चढतील."

हिरव्यावर एकमत झालं. पत्रा घासायला पॉलिश पेपर आणला होता. बॉनेट घासून झाल्यावर मला वाटलं, बास झालं.

*

हिरव्याचा दुसरा हात ओला होता आणि शेजारच्या शेतात भिवाच्या काकांनी राब पेटवला. भाताची रोपं जिथे करायची, ती जमीन पाऊस यायच्या आत पालापाचोळा पसरून भाजून घेतात. राख आभाळात गेली आणि तिथून सरळ आमच्या गाडीवर उतरली.

मी बांधावर धावले. "काका, दोन तास थांबता आलं नसतं का?"

काकांनी धूर हाताने बाजूला केला. "मला भात पेरायचं हाय. तुला गाडी कदी पेरायचीय?"

चाचा आले, त्यांनी खरखरीत झालेल्या पत्र्यावर तळवा ठेवला. "हे चांगलं झालं. ग्रिप आली. घाटात मागे सरकणार नाही."

*

शाळा उघडायला चार दिवस असताना आम्ही त्याच पाड्यावर गेलो. आमची शेवटची फेरी. येतोय असा निरोप आधीच धाडला होता. या वेळी पोरं पळाली नाहीत. मोहाच्या झाडाखाली वीस-पंचवीस जण बसून होती, मध्ये लखमीआजी. भिवाने हॉर्न दिला. कुणी उठलं नाही.

मी खाली उतरले. "चला, येता ना?"

"नाय," एक मुलगी म्हणाली. "आमी पांढऱ्या गाडीला थांबलोय."

"अगं, हीच ती. आम्ही रंग बदलला."

मुलगी आजीकडे बघू लागली. आजीने मान हलवली. "ती पांढरी होती. ही नाय."

मी समजावायला लागले. रोलर, पॉलिश पेपर, राब, सगळं सांगितलं. झाडाखाली कुणी हललं नाही. भिवाने शांतपणे खिशातून किल्ली काढली आणि दाराच्या कडीजवळ हिरव्या रंगात खुपसली. न घासलेल्या पत्र्यावरून रंगाची अख्खी पट्टी कांद्याच्या सालीसारखी निघून आली. आत पांढरं.

आजी उठली. जवळ येऊन तिने त्या पांढऱ्यावर अंगठा घासून पाहिला. पोरं तिच्या मागे रांगेत उभी राहिली. मग तिने कमरेला खोचलेलं पुस्तक काढून माझ्या हातात ठेवलं.

"सकाळी एक, संध्याकाळी एक, सगळं घेतलं. गुडघ्याला काय फरक नाय," ती म्हणाली. "आता जरा जाडं दे."