करंगळीची जागा

पन्नाशीनंतर मी धनुष्यबाण शिकायला लागले. बांबूचं साधं धनुष्य, सकाळचं ओलं मैदान आणि शिकवायला शिंदे सर. पहिला प्रश्न बोटांचाच होता. काहीजण एक बोट बाणाच्या वर आणि दोन खाली ठेवून दोरी ओढतात, काहीजण तिन्ही बोटं बाणाखाली धरतात. मी दोन्ही करून पाहिलं आणि तिन्ही खाली घेतली. तसा बाण डोळ्याच्या जवळ येतो, धीर वाटतो.

"पकड छान बसली," सर म्हणाले, "पण ताई, करंगळी मिटा की. ती एकटीच कशाला बाहेर?"

मिटली. पुढच्या बाणाला ती पुन्हा बाहेर.

मग दोरी ओढायची विसरून मी त्या हाताकडे बघतच राहिले. हा हात माझ्या चांगल्या ओळखीचा होता. मंगळवारच्या बाजारातून येताना आई भाजीची जड पिशवी अशीच तीन बोटांत अडकवायची. दुसऱ्या हाताने कडेवरचा भाऊ सावरलेला असायचा. करंगळी मात्र ती मोकळी ठेवायची, मला धरायला. पिशवीचे बंद रुतून बोटांवर लाल वळ उठायचे, तरी ती करंगळी कधी आत गेली नाही. मला वाटायचं, आयांचे हात असेच असतात.

"ताई, लक्ष कुठंय?"

"आहे, आहे," म्हणत मी दोरी ओढली. बाण भलतीकडेच गेला.

सरांचं बरोबर आहे, करंगळी मिटायला हवी. मिटेन सावकाश. अशाच एका करंगळीला धरून मी दर मंगळवारी सुखरूप घरी पोचले आहे.