राघोकाकांचा पिवळा रंग

त्या वर्षी माझं पोस्टिंग कुलाब्याला होतं. ईएमईमध्ये कॅप्टन, म्हणजे फौजेच्या गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरमध्ये. मी लालबागची, गिरणी कामगाराची मुलगी. फिरत फिरत पोरगी घराजवळ आली म्हणून आई खूश होती. हे घडलं त्याच्या आदल्या रात्री तिच्याकडेच जेवले. आता हे लिहायला मला कुणी शिकवलेलं नाही, तेव्हा बोलते तसंच लिहिते, चालवून घ्या.

सकाळी सव्वासातला फोन आला. परळच्या एका बंद गिरणीत पाडकाम चालू होतं, तिथे जुन्या विणकाम खात्याचं छप्पर भिंतीसकट कोसळलं होतं. इंजिनियर्सची प्लाटून निघाली, मागोमाग माझी रिपेअर टीम. मजूर अजून कामावर यायचे होते. आत एकच माणूस अडकला होता, वॉचमन. नाव ऐकलं आणि ते मी पुन्हा विचारलं. राघोकाका. माझ्या वडिलांबरोबर, तात्यांबरोबर, त्याच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. संपात नोकरी गेली, पुढे तात्या वारले, काका मात्र बंद गिरणीचा दरवाजा राखत राहिले.

ते एका लोखंडी गर्डरखाली होते. पाय अडकलेले, शुद्ध होती. गिरणीचा गेट बुटका, मोठी क्रेन आत शिरेना. आत होता तो कंत्राटदाराचा सेकंडहँड पोकलेन, नुकताच रंगवलेला, पिवळाधमक. त्याने गर्डर उचलून धरायचा, जवानांनी खाली सरपटत जाऊन काकांना ओढायचं, असा प्लॅन.

पोकलेन दहा मिनिटं चालला आणि बंद पडला.

मॉनिटरवर बिघाडाचा कोड आला. ऑइल प्रेशर सेन्सर. माझ्या हवालदार जाधवांनी, ते आमचे इलेक्ट्रिशियन, कनेक्टर काढून साफ केला. कोड पुसला, इंजिन चालू. पुन्हा दहा मिनिटांत बंद. आता कोड दुसराच, पाण्याच्या तापमानाचा. तोही तपासला, सेन्सर ठणठणीत. तिसऱ्यांदा तीन कोड एकदम आले. त्यात आधीच्या मालकाच्या काळातले जुने किती आणि आजचे किती, तेही कळेना. मॅन्युअल नाही. डीलरला फोन लावला, तर म्हणाला, लॅपटॉप घेऊन माणूस उद्या पाठवतो. मी फोन आपटला. फौजेत असं वागत नाहीत, पण आपटला.

इंजिनियर्सच्या मेजरसाहेबांनी वायरलेस सेटवर विचारलं, "मशीन फिट? ओव्हर."

"निगेटिव्ह, सर. ओव्हर."

"मग गर्डरखाली माझा एकही जवान जाणार नाही. आउट."

त्यांचं बरोबर होतं. गर्डर उचललेला असताना इंजिन मेलं असतं, तर आणखी माणसं गेली असती. म्हणजे सगळं आमच्यावर आलं होतं.

मी फटीशी वाकून हाक मारली. आतून आवाज आला, "कोण ता? तात्यांचा चेडू काय गो?"

"हो काका."

"मशीन परत बंद पडला मा? दिष्ट लागली त्येका. इतक्या वर्षांनी ह्या गिरणीत खंडेनवमी झाली, आणि मी इतको बरो रंग लावलेलो." मग म्हणाले, "माका घाई नाय. चाय तेवढी धाड."

चहा देता येत नव्हता. मी परत मशीनकडे गेले. जाधवांना म्हटलं, हे कोड सोडा. इतके सेन्सर एकाच सकाळी मरत नाहीत, सगळ्यांचं सामायिक काय आहे ते बघू. मल्टीमीटरची एक टोचणी बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनला, आणि स्टार्टर मारायला सांगितलं. काटा जागचा हलायला नको होता. चांगला दोन व्होल्टच्या वर गेला. अर्थ, म्हणजे बॅटरीचा इंजिनाच्या लोखंडाशी जोड, मिळत नव्हता. गार असताना कसाबसा चालायचा, गरम होऊन थरथरायला लागलं की तुटायचा. मग बिचारे सेन्सर काहीबाही सांगायचे आणि कॉम्प्युटर इंजिन बंद करायचा.

काळी केबल चासीला लागते तिथला बोल्ट काढला. खाली जाड पिवळा थर. लोखंड दिसतच नव्हतं, आणि रंगातून वीज जात नाही.

ऑपरेटर सुभाष बघत होता. तो हळूच म्हणाला, "मॅडम, नवमीला ही केबल सोडून बॅटरी चार्जिंगला नेली होती. ही बाजू काकांनी रंगवली. म्हणाले, एवढासा कोपराही सोडायचा नाही."

जाधवांनी पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत केलं, केबल कसली. अर्धा तास इंजिन चालवून बघितलं. एकही कोड नाही.

"मशीन फिट, सर. ओव्हर."

गर्डर उचलला. दोन जवान खाली गेले, आणि काका बाहेर आले. स्ट्रेचरवर माझा हात धरला. हात थंडगार.

"काय झालेला गो त्येका?"

सुभाष माझ्याकडे बघत होता.

"उंदराने वायर कुरतडली होती, काका."

"गिरणीतले उंदीर," ते म्हणाले. "मेले आमच्या वेळेपासून तसलेच."

संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये ते वारले. दोन तास आधी काढले असते तर, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. रिपोर्टमध्ये लिहिलं, अर्थ पॉइंट लूज. जाधवांनी वाचलं, आणि मान हलवून पुढे पाठवलं.

फौज सोडून मी लालबागला परत आले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. काकांच्या घरचं कुणी उरलं नाही, म्हणून आज सांगते. सुभाषकडे आता स्वतःचे दोन पोकलेन आहेत. खंडेनवमीला तो मला बोलावतो. पूजेआधी आम्ही दोन्हींचा तो काळ्या केबलचा बोल्ट काढतो, घासतो, परत कसतो. मग तो ब्रश माझ्या हातात देतो आणि ती बाजू मी रंगवते, बोल्टभोवती बोटभर जागा सोडून. झेंडूचं पहिलं फूल त्या बोटभर जागेवर.