उघाडीची फळी

खाडीकाठच्या खाजणावर भराव टाकणारे डंपर सॅन्टननं अडवून धरले, तेव्हापासून चर्चमध्ये मिस्साला त्याच्या बाकावर दुसरं कोणी बसत नाही. लुसी होती तोवर शेजारी निदान बायकोचा गुडघा होता. ती गेली, आणि ज्याच्या जमिनींचे सौदे अडले ते गाव त्याच्याकडे पाठ करून प्रार्थना म्हणायला शिकलं. त्यालाही कुणाची मनधरणी करायची नव्हती. ‘नका बसू. मला पाय पसरायला जागा होते,’ म्हणायचा.

तरी निम्मं खाजण गेलंच. पाडलेल्या इमारतींचा राडारोडा, कुणाच्या तरी मोरीतल्या निळ्या टाइल्स, सगळं चिखलावर येऊन पडलं. कागदावर ती पडीक जमीन. त्या पडीक जमिनीत हिवाळ्यात बदकं उतरायची, कोल्हे खेकडे धरायला यायचे. आता बांधालगतचा एक कोपरा उरला होता, आणि बेघर झालेले शेकाटे पक्षी तिथं दाटीवाटीनं राहत होते. लाल काड्यांसारखे पाय, काळे पंख, आणि चिखलाच्या उंचवट्यांवर उघडी अंडी. सॅन्टन रोज सकाळी बांधावर जाऊन त्यांच्याशी बोलायचा. “ऊन झालं, उठा आता.” दिवसभरातलं त्याचं बोलणं बहुधा तेवढंच.

मे महिन्यात कोपरा सुकला, चिखलाला भेगा पडल्या. अंड्यातून बाहेर पडल्या पडल्या पिलांना उथळ पाणी लागतं, त्यातले किडे खाऊनच ती जगतात. पाणी नसेल तर पिलं मरणार. सॅन्टननं ठरवलं, पुनवेच्या उधाणाला उघाडी उघडायची.

उघाडी म्हणजे बांधातलं दार. फळी वर ओढली की खाडीचं भरतीचं पाणी आत येतं. एके काळी त्या दिवशी अख्खं गाव टोपल्या घेऊन यायचं. ओहोटीला उघाडीच्या तोंडाशी मासे धरायचे आणि घरोघरी वाटायचे. फळी किती उचलायची याची खाच सॅन्टनच्या बापानं कोरून ठेवली होती. त्या खाचेपर्यंत उचलली की पाणी पसरत जायचं, घोट्याच्या वर चढायचं नाही.

भर दुपारी त्यानं एकट्यानं फळी खाचेपर्यंत ओढली. धाकटा भाऊ स्टॅनी स्कूटर थांबवून बांधावर आला.

“दादा, एकटाच? वाजंत्री नाय बोलावलीस?”

“हिस्सा विकलास ना? मग इथं काय हरवलंय तुझं?”

“पानी बघतोय. ते तर नाय विकलं.”

पाणी भेगांत शिरलं, भेगा मिटल्या, आणि पाणी चढायला लागलं. थांबेना. भरावाला धडकून मागं फिरलं आणि पुन्हा कोपऱ्यातच आलं.

स्टॅनी हळूच म्हणाला, “दादा, जागा निम्मी राहिली. पानी तेवढंच घेतलंस.”

सॅन्टननं फळीवर अंग टाकलं. पाण्याच्या जोरानं ती अडकून बसली होती. स्टॅनी इस्त्रीच्या पँटसकट खाली उतरला, दोघांनी मिळून खाली रेटली तेव्हा कुठं बंद झाली. तोवर उंचवटे बुडाले होते, अंडी तरंगत होती. एकच घरटं वर होतं, पाण्याला लागलेलं. सॅन्टन चिखल उपसून त्याच्याखाली थापत राहिला. त्या घरट्यातली शेकाटीण त्याच्या डोक्यावर घिरट्या घालून ओरडत होती.

“चल, घरी जेवायला चल,” स्टॅनी म्हणाला.

“तुझ्या घरात?” एवढंच सॅन्टन बोलला. स्टॅनी ओल्या पँटनं निघून गेला.

सॅन्टन बांधावर बसला. शेकाटीण उतरली, घरट्याजवळ आली, त्याला बघून पुन्हा उडाली. परत आली, परत उडाली. अंडी उन्हात उघडी. बऱ्याच वेळानं त्याच्या ध्यानात आलं की ती कुणाला भ्यायलीय. तो उठला, बांधापलीकडे उतरला, आणि पार माडांच्या आड जाऊन उभा राहिला. तेव्हा ती बसली.

संध्याकाळी ओहोटीला पाणी उतरल्यावर तो वाकून उघाडीपर्यंत आला आणि कोयत्यानं फळीवर नवी खाच पाडली. तेवढ्यावर निम्मंच दार उघडेल. बापाची खाच राहू दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बांधावर गेला नाही. चहाचा कप घेऊन दारात उभा राहिला, खाजणाच्या दिशेनं बघत.

“ऊन झालं,” म्हणाला, आणि आत गेला.