चौकशी मावशीचा चेहरा

माझ्या मावशीला कुणी जेवायला बोलावलं आणि हौसेने विचारलं, 'कसं झालंय?' तर ती शांतपणे विचारते, 'तुम्हाला कसं वाटतं?' आमच्या घरात यावरून जेवढी भांडणं झाली, तेवढी इस्टेटीवरूनही झाली नसती. अर्थात आमच्याकडे इस्टेट नव्हती, ही गोष्ट वेगळी.

तिचं कामच तसं आहे. बायकांच्या खाण्यापिण्याचा, राहणीचा आणि स्तनाच्या कॅन्सरचा काय संबंध असतो, हे शोधणाऱ्या एका केंद्रात ती नोकरी करते. आकडेमोड करणारे वरच्या मजल्यावर बसतात. मावशी घरोघर जाऊन विचारते. काय खाता, किती चालता, दारू घेता का, मुलांना अंगावर किती महिने पाजलंत, सगळं. खांद्यावरच्या पिशवीत तीन आकारांच्या वाट्या, चमचे आणि रबराचे नमुने असतात: बटाट्याची फोड, पावाचा तुकडा, अंडं. एखादी म्हणाली की 'भात अगदी थोडा खाते', तर मावशी वाट्या पुढे ठेवते आणि विचारते, 'यातली कुठली?' थोड्याची वाटी बहुधा मोठीच निघते. रबरी अंड्यावर माझ्या दातांचे व्रण आहेत. लहानपणी मला ते खरं वाटलं होतं. नवीन मागवायला अर्ज करावा लागतो आणि मावशीला अर्जांचा मनस्वी कंटाळा, म्हणून तेच अजून फिरतंय.

तिच्या कामाचा पहिला नियम म्हणजे चेहरा. समोरची बाई रोज केक खाते म्हणाली तर 'अरे वा' नाही आणि 'अरेरे'ही नाही. नुसती भुवई वर गेली तरी पुढचं उत्तर बदलतं, बाई आपल्याला आवडेल तेच सांगू लागते. म्हणून मावशीने आरशासमोर बसून चेहरा घोटून घोटून कोरा केला. तो इतका पक्का बसला की घरी आली तरी उतरेना. आम्ही तिचं नाव चौकशी मावशी ठेवलं. त्यावरही तिने विचारलं, 'असं कधीपासून म्हणता?'

माझी आई नेमकी उलट. ती बेकरीत काम करायची. कणीक मळण्यापासून क्रीम फेटण्यापर्यंत सगळं तिच्या हातचं, आणि प्रत्येक घाणा चाखल्याशिवाय पुढे जाऊ द्यायची नाही. दुसऱ्याने खाल्लं की तोंडाकडे बघत उभी. धाकट्या बहिणीने आयुष्यात एकदा तरी 'छान' म्हणावं, एवढीच तिची इच्छा, आणि मावशी मूग गिळून बसणार. 'हिला जेवू घालण्यापेक्षा भिंतीला घास भरवावा,' आई म्हणायची, आणि पुढच्या रविवारी परत हिलाच बोलवायची.

मग आईच्या छातीत गाठ निघाली. तपासण्या झाल्या, ऑपरेशन झालं, केमो सुरू होणार होती. मावशी भेटायला आली, तेव्हा आईने चहाचा कप बाजूला सरकवला आणि एकदम विचारलं, "माझ्या चाखण्यामुळे झालं का गं हे? एवढं लोणी, एवढी साखर, आयुष्यभर?"

मावशीच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. ती म्हणाली, "दिवसातून साधारण किती वेळा चाखायचीस?"

मी तिथेच होते. आईचा चेहरा कसा पडला, ते मी पाहिलं. ती उठून कप धुऊ लागली. दुसऱ्या दिवसापासून तिने लोणी सोडलं, साखर सोडली, मग अंडी, दूध, भात, शेवटी मीठसुद्धा. उकडलेला दुधी आणि गाजराचा रस. मी रागावले, विनवण्या केल्या, काही उपयोग झाला नाही. "ज्याने घात केला तेच परत खाऊ?" एवढंच म्हणायची. पहिल्या डोसनंतर ती अंथरुणालाच खिळली. कपडे अंगावर लोंबायला लागले. दुसऱ्या डोसला डॉक्टरांनी तिला परत पाठवलं. या अंगावर औषध देता येणार नाही, आधी नीट खा, नाहीतर उपचारच थांबवावे लागतील, असं स्पष्ट सांगितलं.

मी तडक मावशीचं ऑफिस गाठलं आणि तिला जिन्यातच धारेवर धरलं. "तुझ्या एका प्रश्नाने आई उपाशी मरतेय. तिला सांग ना काहीतरी!"

"काय सांगू? मला माहीत नाही. कुणालाच माहीत नसतं."

"मग तेच येऊन सांग!"

संध्याकाळी ती पिशवीसकट आली. आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दुधीचा वाडगा घेऊन बसली होती. पिशवी बघून म्हणाली, "बरं झालं आणलीस. घे माझी उलटतपासणी आणि निकाल देऊन टाक."

"नात्यातल्यांची घेता येत नाही. आणि निकाल नसतोच, ताई." मावशी समोर बसली. "आम्ही आजारी बायकांना विचारतो, तेच धडधाकट बायकांनाही विचारतो. हजारो जणींचं एकत्र केलं की कल दिसतो. दारू, वाढलेलं वजन, बसून राहणं, यांनी धोका थोडा वाढतो. पण लोणी खाऊन खणखणीत असलेल्या कितीतरी भेटतात, आणि सगळं सांभाळून आजारी पडलेल्याही भेटतात. त्या ढिगातून एकट्या तुझं कारण काढून देता येत नाही. मला नाही, वरच्या मजल्यालाही नाही."

"मग किती वेळा चाखायचीस, हे कशाला विचारलंस?"

"सवयीने गं! कुणी काही खाल्लं म्हणालं की माझ्या तोंडून पुढचा प्रश्नच येतो. आजारी बायकांना जास्त आठवतं, ताई. धडधाकट बाई म्हणते, आठवत नाही, आणि मोकळी होते. आजारी बाई लहानपणी खाल्लेला बिस्किटाचा पुडासुद्धा उकरून काढते. प्रत्येकीला आपला गुन्हा शोधायचा असतो. मी हे रोज बघते. आणि तू माझ्यासमोर तेच करत होतीस, तरी मला कळलं नाही."

आईने पिशवीतून रबरी अंडं काढलं आणि हातात फिरवत बसली. मावशीने तिच्यापुढचा वाडगा ओढला आणि एक चमचा तोंडात घातला.

"अळणी आहे," ती म्हणाली. "आणि पाणचट. ताई, हे घशाखाली उतरत नाही."

आई बघतच राहिली. "इतकी वर्षं विचारतेय, आणि तोंड उघडलंस ते या दुधीसाठी?" मग ती हसली. किती दिवसांनी हसली ते तिचं तिलाच माहीत. हसता हसता उठली, ओट्याला धरून उभी राहिली आणि मला म्हणाली, "बघतेस काय? अंडी काढ. लोणी कुठे ठेवलंयस?"

पुढचा डोस तिला मिळाला, हे आत्ताच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. पण मला आठवते ती तीच संध्याकाळ. आईने आम्लेटचे तीन भाग केले, स्वतःचा भाग मोठा घेतला आणि मान खाली घालून खात बसली. या वेळी ती कुणाच्याच तोंडाकडे बघत नव्हती. मावशीने एक घास घेतला. तिची हनुवटी थरथरली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"छान झालंय," ती म्हणाली. आईने तिला काही विचारलं नव्हतं.