सर्विस ब्रेक

जैनथहून निघालेली आमची बस आदिलाबादच्या अलीकडे जिनिंगच्या फाटकापाशी अडकली. कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यावर आली होती. माझ्या मांडीवर तुमच्या बाबांच्या दोन रॅकेट्स होत्या, पायाशी पत्र्याची पेटी, आणि शेजारी तुमचे बाबा, म्हणजे आनंद, नववीतला, खिडकीतून डोकं बाहेर काढून बैल मोजत बसलेला. पुढच्या बाकावर तुमचे आजोबा आणि माझे बा. आजोबा आम्हाला हैदराबादच्या गाडीत बसवून देणार होते आणि तिथूनच आपल्या ऑफिसला जाणार होते. बा भीमपूरहून मुद्दाम आले होते. त्यांनी जन्मभर दुसऱ्याच्या शेतात सालदारकी केली. रस्ता मोकळा झाला. मग बा मागं वळून म्हणाले, "माय, वावर कधी आपलं नव्हतं. सर्विस आपली हाय. तेवढी सोडू नको."

"सोडत नाही बा. सुट्टी टाकली आहे."

"सुट्टीवर गेलेल्या सालदाराले परत कोनी ठेवते का?"

तुमचे आजोबा हसले. म्हणाले, "मामाजी, हे सरकार हाय. पाटलाचं वावर नाही."

तुम्हाला मेलबर्नमध्ये सर्विस म्हणजे गाडीची, नाहीतर टेनिसची. आमच्याकडे सर्विस म्हणजे सरकारी नोकरी. आमच्या वस्तीत एखाद्याची ओळख सांगताना नाव नंतर येई, "सर्विसवर हाय" हे आधी. जैनथच्या मराठी शाळेत इंग्रजी शिकवणारी मी, आमच्या घराण्यातली सर्विसवरची पहिली बाई. बाया दारात उभ्या राहून मला शाळेत जाताना पाहत. बाची मान त्या दिवसांत कशी ताठ असे, ते मी पाहिलं आहे.

मग ती सर्विस सोडून हैदराबादला का निघाले, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. म्हणून सांगते.

तुमचे आजोबा आदिलाबादला तहसीलमध्ये क्लार्क होते. कचेरीच्या मागं अधिकाऱ्यांचा क्लब होता, त्यात एक टेनिस कोर्ट. क्लार्कला आत जायची सोय नव्हती. आजोबा कुंपणाबाहेर उभे राहून पाहत, आणि साहेब लोकांनी वाचून टाकलेला इंग्रजी पेपर घरी आणत. तो हैदराबादहून एक दिवस उशिरा येई, म्हणून आमच्या घरात ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या टेनिस स्पर्धेचा निकाल नेहमी शिळा असे. तरी जानेवारी उजाडला की बापलेकांना दुसरं काही सुचत नसे. वर्षाच्या पहिल्या लहान स्पर्धा कोण जिंकला, कुणाचा खांदा दुखतो, कोण डिसेंबरात नुसता आराम करून आला, यावरून मोठ्या स्पर्धेत कोण कुठवर जाईल ते दोघं ठरवत. आजोबांनी जगातले सगळे खेळाडू कचेरीच्या हिशेबानं लावले होते. काही 'कायम', काही 'टेंपररी', नवे पोरगे 'प्रोबेशनवर', आणि जखमी झालेले 'सस्पेंड'. मागच्या कोपऱ्यातून तासन्‌तास चेंडू परत करणाऱ्या एका खेळाडूबद्दल ते म्हणत, "हा कायम मानूस हाय. याले टेबलावरून कोनी उठवू शकत नाही." ताडमाड उंचीचा, नुसत्या पहिल्या सर्व्हवर जिंकणारा एक होता, त्याला ते टेंपररीच धरत. "जानेवारीत चमकते, मार्चात दरखास्त घेऊन उभा रायते." ऐकायला मजा यायची. मीही हसायची.

आनंद जैनथच्या शाळेच्या भिंतीवर चेंडू मारून मारून शिकला. पाटबंधारे खात्याचे एक इंजिनियर क्लबात खेळत. त्यांना एकदा जोडीदार मिळाला नाही, म्हणून त्यांनी कुंपणाबाहेरच्या या पोराला आत बोलावलं. पोरानं त्यांना घामाघूम केलं. त्यांनी आजोबांना सांगितलं, याला हैदराबादला ठेवा, इथं वाया जाईल.

कुणी जायचं, यावर आमच्या घरात फार चर्चा झाली नाही. आजोबा म्हणाले, "तू रुखसत टाक. तुले इंग्लिश येते, कोचसंग बोलता येईल. माह्या सर्विसले धक्का लागला तर घर कसं चालीन?" शिक्षकाची जागा जिल्ह्याची, जिल्ह्याबाहेर बदली होत नाही. त्यामुळे रुखसत, म्हणजे सुट्टी, तीही बिनपगारी, एवढाच रस्ता होता. माझ्या सर्विसला धक्का लागला तर काय, हे कुणी विचारलं नाही. एक बा सोडून.

हैदराबादला बरकतपुऱ्यात एक खोली घेतली. घरमालकीण मला टीचरम्मा म्हणे आणि पाणी सोडायच्या आधी "नीळ्ळू, नीळ्ळू" करून ओरडे. भाजीवाल्याशी हिंदी, घरमालकिणीशी मोडकं तेलुगू, कोचशी इंग्रजी, आणि मराठी फक्त आनंदशी. तोही हळूहळू हिंदीत उत्तर देऊ लागला. कोचकडे येणारी बाकीची मुलं मोटारीतून येत. त्यांच्या आया कोर्टाच्या कडेला खुर्च्यांवर बसत. मी उभी राहत असे. बस म्हटलं असतं तर बसले असते.

पहिल्याच जानेवारीत आनंद मुलांच्या दोन स्पर्धा जिंकला. आजोबांची खुशी काय सांगू. "आता प्रोबेशन संपलं याचं!" मी बाला कळवलं. बाचा निरोप आला, "पहिला वेचा पाहून लगन ठरवू नोका." पहिल्या वेचणीचा कापूस पांढराशुभ्र निघतो. झाडात किती दम आहे ते पुढच्या वेचणीत कळतं. शेवटी शेवटी हाती येते ती कवडी, डागाळलेली, बोंडातच वाळलेली. आणि तसंच झालं. एप्रिल-मे आला, ऊन तापलं, स्पर्धा लांबल्या, की आनंद हरायचा. पुढच्या जानेवारीत पुन्हा जिंकला. पुन्हा सगळ्यांच्या आशा वर. मी पुन्हा सुट्टी वाढवण्याचा अर्ज पाठवला.

तो अर्ज नामंजूर झाला. त्याचा हुकूम तिसऱ्या जानेवारीत बरकतपुऱ्याच्या पत्त्यावर आला तो नेमका आनंदच्या उपांत्यपूर्व सामन्याच्या दिवशी. तो मैदानावर गेला होता, मी स्वयंपाक आटोपून निघणारच होते. दोन ओळी होत्या. ब्रेक इन सर्विस. म्हणजे मागची सगळी वर्षं पुसली. जैनथला मी शिकवलंच नव्हतं असं समजा.

मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले आणि तहसीलला फोन लावला. चपराशानं आजोबांना बोलावून आणलं. मला रडायचं नव्हतं, म्हणून मी एवढंच म्हणाले, "सर्विस ब्रेक झाली."

"झाली? मले सकाळपासून वाटूनच राह्यलं होतं. कितव्या गेमले?"

स्वतःची सर्विस असताना गेम हरला, तर टेनिसातही सर्विस ब्रेक झाली म्हणतात, ते मला तेव्हा आठवलं.

"अवं, घाबरून काऊन राह्यली? एक ब्रेक म्हंजे काय मोठी गोष्ट हाय? तो परत ब्रेक करते. जानेवारीत त्याचा फॉर्म मस्त रायते. त्याले म्हणा, मागं उभा राहू नको, नेटवर ये."

मागून कचेरीतल्या कुणीतरी विचारलं, "काय झालं हो?" आणि आजोबा मोठ्यानं म्हणाले, "काही नाही, पोराचा एक गेम गेला." बूथवाला माझ्याकडे पाहत होता. मी "बरं" म्हणून फोन ठेवला.

आनंद त्या दिवशी जिंकला. पेढे मीच आणले.

रविवारी आजोबा बोरं घेऊन आले. हुकूम मी टेबलावर ठेवला होता. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला. कचेरीतला माणूस, त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

"सांगतलं काऊन नाही?"

"सांगितलं. तुम्ही मला नेटवर पाठवलं."

ते हसायला गेले आणि मध्येच थांबले. हुकुमाची घडी घालत म्हणाले, "टेनिसात परत ब्रेक करता येते. सरकारात नाही येत." त्यांच्या तोंडून माफीच्या जवळचं मी ऐकलेलं एवढंच वाक्य. मग त्यांनी आनंदला हाक मारली आणि उपांत्य सामना का हरलास ते विचारत बसले.

त्यानंतरच्या मे महिन्यात आनंद म्हणाला, "आई, नाही होत." एका आठवड्यात टेनिस संपलं. मी त्याला दोष देत नाही. उन्हात टिकत नाही तर टिकत नाही. तो अभ्यासाला लागला, कॉम्प्युटर शिकला, तुमच्या देशात गेला. मी परत जैनथला आले, त्याच शाळेत, त्याच वर्गात, पण नव्यानं लागलेली शिक्षिका म्हणून. हैदराबादला जाण्याआधी सुमन नावाची मुलगी माझ्या हाताखाली आली होती. पाठ कसा घ्यायचा, फळ्याकडे पाठ न करता कसं लिहायचं, ते तिला मी शिकवलं होतं. आता सर्विसमध्ये ती माझ्याहून जुनी ठरली, आणि पुढं हेडमास्तरीण झाली. मी तिला मॅडम म्हणू लागले. ती म्हणे, "बाई, तुमी नोका म्हणू मले मॅडम." मी म्हणतच राहिले, निवृत्त होईपर्यंत. तिला त्रास व्हायचा, ते मला दिसत होतं. बा तेव्हा होते. मला हेडबाईच्या खुर्चीत पाहायचं म्हणून थांबलेले, आणि मग ते न पाहताच गेले.

सुजाता, निखिल, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, आजी, या वर्षी कोण जिंकेल? निखिलनं मला सगळ्यांचा फॉर्म सांगितला. तो एकहाती बॅकहँडवाला वर्षाच्या सुरुवातीच्या दोन्ही स्पर्धा एकही सेट न गमावता जिंकलाय. मी त्याचे सामने पाहिले. सुंदर खेळतो. पण दोन्ही स्पर्धांत त्याच्यासमोर कुणी तीन तास उभं राहिलं नाही, तेव्हा त्याचं अजून काही कळलेलं नाही. गुडघ्याला पट्टी बांधणारा पहिल्याच फेरीत हरला म्हणून त्याला मोडीत काढू नका. तो हळू तापतो. आणि नवा पोरगा प्रत्येक गुणानंतर आपल्या बापाकडे पाहतो. बाप उठून जाईपर्यंत त्याचं काही खरं नाही. हे सगळं मला कळतं, कारण तीन वर्षं मी दुसरं काही पाहिलं नाही.

मग सुजाता म्हणाली, "डॅड सेज, आजोबांमुळे तो खेळला. आजोबांनी सॅक्रिफाइस केला." मी "हो का" म्हणाले आणि विषय बदलला. तेव्हापासून हे लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही स्वतःच वाचलं असतं. मुद्दाम मराठीत लिहिलं. आता तुम्हाला वाचून दाखवायला आनंद लागेल, आणि एकेक ओळ त्याला स्वतःच्या तोंडानं म्हणावी लागेल. आनंदा, अडखळलास तरी वाच.

तुम्ही लिहिता, तिकडे माझ्यासाठी एक खोली तयार आहे, स्टेडियम जवळ आहे, पुढच्या जानेवारीत तिकीट काढू. मी येणार नाही. पाय दुखतात असं लोकांना सांगा. तुमच्या घरी मी सगळ्यांची लाडकी आजी असेन, सगळे मला खुर्ची देतील, आणि मी कोण होते ते तिथं कुणालाच माहीत नसेल.

इथं बसस्टँडवर चंद्रकला भाजी घेऊन बसते. तिची दोन्ही मुलं माझ्या वर्गात होती. वांगी निवडताना ती आजही, एखादीचं मेलेलं लेकरू आठवावं तशा आवाजात म्हणते, "बाई, तुमी हेडबाई व्हाले पाह्यजे होत्या." शेजारची मान हलवते. त्यांना कुणाला टेनिस माहीत नाही, पण माझं काय गेलं ते माहीत आहे. मी म्हणते, "हो, व्हायला पाहिजे होते." एवढं एक वाक्य मला माझ्या भाषेत ऐकायला मिळतं ते फक्त इथं. म्हणून मी इथं राहते.